नवा जॅझ अल्बम निवडताना आधी बास आणि ड्रम्स कोणाचे आहेत ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांचे जुने अल्बम ऐकून जॅझची गोडी लागली आहे आणि आता आज वाजवणाऱ्यांचे काही ऐकावेसे वाटते. परंतु दर शुक्रवारी इतके नवे अल्बम येतात आणि त्यांवरची नावे इतकी अनोळखी असतात की कशाला हात घालावा हेच समजत नाही. तेव्हा गेल्या काही वर्षांतले कोणते अल्बम ऐकावेत आणि त्यांच्यामागचे वादक कोण आहेत? मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ डबल बास वाजवत आलो आहे आणि त्यातला बराचसा काळ दुसऱ्यांच्या अल्बमांवर, म्हणजे मुखपृष्ठावर नाव नसलेल्या माणसाच्या जागेवर गेला आहे. माझे उत्तर त्या जागेवरून दिसते तसे आहे: मुखपृष्ठावरचे नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि बास व ड्रम्स कोण वाजवत आहे ते आधी पाहा.

हे बासवादकाच्या अभिमानापोटी सांगत नाही. तुम्हाला आवडलेल्या ‘काइंड ऑफ ब्लू’चेच उदाहरण घ्या. हा अल्बम 1959 साली 2 मार्च आणि 22 एप्रिल अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यातली पहिली रचना, ‘सो व्हॉट’, पुन्हा एकदा लावून पाहा. पियानो आणि बास यांची संथ प्रस्तावना संपली की मूळ धून वाजवतो तो पॉल चेंबर्स, म्हणजे बासवादक. ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोन त्याला दोन स्वरांचे उत्तर तेवढे देतात. पुढे माइल्सचा सोलो सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक आघात करतो आणि तो आवाज हळूहळू विरत असतानाच ट्रम्पेट आत शिरते. त्या एका आघाताने खोलीतली हवा बदलते. त्याच वर्षी पॉल चेंबर्स कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’वरही वाजवत होता, आणि त्या अल्बममधल्या ‘नाइमा’ या संथ रचनेत ड्रम्सवर पुन्हा जिमी कॉबच आहे. तुम्ही हे दोन अल्बम दोन वेगळ्या कलावंतांचे म्हणून ऐकले असतील. पण त्यांच्या पायाखालची जमीन बरीचशी एकच होती.

आजही तसेच आहे. जॅझमध्ये अल्बम ज्याच्या नावाचा असतो तो रचना निवडतो, माणसे निवडतो आणि बहुधा सगळ्यात जास्त सोलो वाजवतो. परंतु ती रचना ताणली जाईल की सैल पडेल, सोलो कुठवर चढेल आणि कुठे थांबेल, हे त्याच्यामागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांवर अवलंबून असते. ही मंडळी एका अल्बमवरून दुसऱ्या अल्बमवर जात असतात. त्यांचा माग काढत गेले की अनोळखी नावांची ती लांबलचक यादी एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची वस्ती होऊन जाते.

पहिले नाव ध्यानात ठेवा ते ब्रायन ब्लेड या ड्रमवादकाचे. 1970 साली लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे जन्मलेला हा वादक सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांच्या शेवटच्या मोठ्या चौकडीत 2000 सालापासून होता; पियानोवर दानिलो पेरेझ आणि बासवर जॉन पॅटिटुची. शॉर्टर 2 मार्च 2023 रोजी गेले आणि त्यानंतर 2024 मध्ये याच चौकडीचा स्टॉकहोममधील 2014 चा कार्यक्रम ‘सेलिब्रेशन, व्हॉल्यूम 1’ या नावाने ब्लू नोट या लेबलने, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीने, प्रसिद्ध केला. माझ्या मते अलीकडच्या काळातले चौघांचे इतके मोकळे वादन दुसरे नाही. कोण पुढे आणि कोण मागे हे तुम्हाला पाच मिनिटांनंतर सांगता येणार नाही, कारण तशी विभागणीच तिथे उरलेली नाही. शॉर्टर तीन स्वर वाजवून गप्प राहतात, पेरेझ त्या तीन स्वरांना खाली नवा आधार देतो, ब्लेड बराच वेळ नुसता ब्रशने कातड्यावर घासत राहतो आणि मग अचानक असा कडकडाट करतो की ऐकणारा दचकावा. हा कडकडाट म्हणजे कसरत नव्हे. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा तो येतो.

त्याच वर्षी, 2024 च्या 15 मार्चला, चार्ल्स लॉइड यांचा ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ हा दुहेरी अल्बम आला. त्या दिवशी लॉइड यांना 86 वर्षे पूर्ण झाली. पियानोवर जेसन मोरान, बासवर लॅरी ग्रेनेडियर आणि ड्रम्सवर पुन्हा ब्रायन ब्लेड. शॉर्टर यांचा अल्बम ऐकल्यावर लगेच हा ऐका, म्हणजे एकच ड्रमवादक दोन वडीलधाऱ्या सॅक्सोफोनवादकांपुढे किती वेगळा वागतो ते कानाला कळेल. लॉइड यांचा सूर आता पातळ, किंचित थरथरता आणि अतिशय कोमल झाला आहे. ब्लेड त्याला कुठेही झाकोळत नाही. ग्रेनेडियर हा पियानोवादक ब्रॅड मेलडाऊच्या त्रयीचा अनेक दशकांचा बासवादक, त्यामुळे पियानोवादकाला मोकळी जागा कशी ठेवावी हे त्याच्या हाडीमांसी भिनलेले आहे. एका बासवादकाने दुसऱ्या बासवादकाचे कौतुक करायचे तर ते असे करावे: ग्रेनेडियर कमी स्वर वाजवतो आणि प्रत्येक स्वर पुरता वाजवतो.

लॉइड यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट तुम्हाला नक्की भावेल. 2022 मध्ये त्यांनी तीन वेगवेगळ्या त्रयींचे तीन अल्बम काढले. त्यांपैकी ‘सेक्रेड थ्रेड’वर गिटारवर ज्युलियन लाज आणि तबल्यावर झाकीर हुसेन आहेत. ड्रम्सही नाहीत आणि बासही नाही. माझ्या वाद्याला तिथे जागाच नाही, आणि तरीही तो अल्बम मी वारंवार ऐकतो. डग्ग्याचा खोल, वळणारा स्वर बासचे काम किती सहज करतो हे त्यात स्पष्ट ऐकू येते. झाकीरभाईंनी लॉइड यांच्याबरोबर यापूर्वी ‘संगम’ हा अल्बमही केला होता, त्यात ड्रम्सवर एरिक हार्लंड होता. 15 डिसेंबर 2024 रोजी झाकीरभाई गेल्यानंतर हे दोन्ही अल्बम ऐकणे मला जड गेले, परंतु तबला जॅझमध्ये नुसता चवीपुरता न येता बरोबरीने कसा बसतो हे ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी तेच ऐकावेत.

आता तरुण मंडळींकडे वळतो. वर ज्याचे नाव आले तो जेसन मोरान हा नुसता पियानोवादक नाही; 2020 मध्ये आलेल्या ‘ओमेगा’ या अल्बमचा तो निर्माता होता. ‘ओमेगा’ हा अल्टो सॅक्सोफोनवादक इमॅन्युएल विल्किन्सचा पहिला अल्बम. फिलाडेल्फियाजवळ वाढलेला हा मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पियानोवर मायका थॉमस, बासवर डॅरिल जॉन्स आणि ड्रम्सवर क्वेकू समब्री अशी त्याची चौकडी दुसऱ्या अल्बमपर्यंत तीच राहिली, आणि दुसरा अल्बम, म्हणजे 2022 चा ‘द सेव्हन्थ हँड’, हे चौघे एकत्र राहिल्याचे फळ आहे. तासाभराची ही सलग मालिका आहे. तिच्या सुरुवातीच्या रचना बांधीव आहेत आणि शेवटची ‘लिफ्ट’ ही सव्वीस मिनिटांची रचना पूर्णपणे उत्स्फूर्त आहे. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मी ‘लिफ्ट’पासून सुरुवात करायला सांगणार नाही. परंतु आधीच्या सहा रचना क्रमाने ऐकत त्या जागी पोहोचलात, तर चौघांनी हात सोडून का दिला हे आपोआप कळते. 2024 च्या ‘ब्लूज ब्लड’वर विल्किन्सने गायनाचे आवाज आणले, त्यात गानव्या ही गायिका आहे, एका रचनेत सेसिल मॅक्लॉरिन साल्वांट आहे, आणि निर्मितीत मेशेल एन्डेगिओचेलो ही स्वतः बास गिटार वाजवणारी कलावंत आहे.

विल्किन्सला एकदा ओळखलेत की तो तुम्हाला पुढच्या दोन दारांपाशी नेऊन सोडतो. एक दार जोएल रॉसचे. रॉस व्हायब्राफोन वाजवतो, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर दांड्यांनी वाजवायचे ते वाद्य, आणि त्याच्या ‘किंगमेकर’पासून 2024 च्या ‘न्यूब्लूज’पर्यंतच्या अल्बमांवर विल्किन्सची साथ आहे. दोघांनी एकाच ओळीत एकत्र वाजवलेली धून ऐकताना कुठला आवाज कुठे संपतो हे कळत नाही. दुसरे दार गिटारवादक मेरी हॅल्व्हर्सनचे. तिच्या षट्कात ट्रम्पेटवर अ‍ॅडम ओ’फॅरिल, ट्रॉम्बोनवर जेकब गारचिक, व्हायब्राफोनवर पॅट्रिशिया ब्रेनन, बासवर निक डन्स्टन आणि ड्रम्सवर टोमास फुजिवारा आहेत. ‘अमरिलिस’ (2022) आणि ‘क्लाउडवर्ड’ (2024) हे या षट्काचे अल्बम. 2025 च्या ‘अबाउट घोस्ट्स’वर त्यात दोन सॅक्सोफोन वाढले आणि त्यांपैकी एक विल्किन्सचा आहे. हॅल्व्हर्सनच्या गिटारचा स्वर मधेच वाकतो, वितळल्यासारखा खाली घसरतो आणि परत जागेवर येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाद्य बेसूर झाले असे वाटते. थोडा धीर धरा. तो तिचा उच्चार आहे, आणि एकदा कान बसला की त्याच्याशिवाय तिची धून अपुरी वाटू लागते.

माझ्या मते आज ज्या दोन नावांचा माग काढणे सर्वांत फलदायी आहे, ती मी आतापर्यंत राखून ठेवली होती: बासवादक लिंडा मे हान ओ आणि ड्रमवादक टायशॉन सोरी. लिंडाचा जन्म मलेशियातला, वाढली ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. सोरी हा ड्रमवादक जितका मोठा आहे तितकाच रचनाकार म्हणूनही; 2024 चे संगीताचे पुलित्झर पारितोषिक त्याला सॅक्सोफोन आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेबद्दल मिळाले. हे दोघे पियानोवादक विजय अय्यर यांच्या त्रयीत एकत्र आले आणि त्यांचे ‘अनईझी’ (2021) व ‘कम्पॅशन’ (2024) हे दोन अल्बम इसीएम या लेबलने काढले. अय्यर यांच्या रचनांमध्ये मात्रांची विभागणी फार गुंतागुंतीची असते, आणि आपल्याकडच्या लयकारीची सवय असलेल्या कानाला ती मोजावीशी वाटते. मोजू नका. लिंडाच्या बासवर लक्ष ठेवा. ती प्रत्येक आवर्तनाच्या बांधणीतला एखादाच स्वर किंचित जास्त वजनाने वाजवते आणि तेवढ्यावर सगळी इमारत उभी राहते. सोरी तिच्या त्या स्वरावर आपला मोठा ड्रम क्वचितच आपटतो. तो त्याच्या शेजारी, किंचित आधी किंवा किंचित नंतर उतरतो. दोघांनी एकाच ठिकाणी पाय ठेवला तर त्रयी जड होते, हे मी कित्येक वर्षे चुकीचे वाजवून मग शिकलो.

या दोन अल्बमांवर जेरी अ‍ॅलन या दिवंगत पियानोवादिकेची ‘ड्रमर्स साँग’ ही रचना दोनदा भेटते: ‘अनईझी’वर एकदा आणि ‘कम्पॅशन’वर दुसऱ्या एका रचनेला जोडून. तेच तिघे आणि तीच रचना; मधल्या काळात ती त्यांच्या हातात किती ढिली आणि किती खोल झाली आहे, हे दोन्ही पाठोपाठ लावून ऐका. एखादा संच एकत्र राहिला म्हणजे काय होते हे शब्दांत सांगण्यापेक्षा तिथे पटकन कळते.

सोरीचे स्वतःच्या नावाचे त्रयीचे अल्बमही आहेत, आणि ज्यांना जुन्या जॅझची ओढ आहे त्यांनी तेच आधी ऐकावेत असे मी सुचवीन. 2022 चा ‘मेस्मेरिझम’ घ्या. पियानोवर अ‍ॅरन डील आणि बासवर मॅट ब्रुअर, आणि रचना जुन्या, ओळखीच्या परंपरेतल्या. ज्या माणसाच्या नावाशी अवघड, अमूर्त संगीत जोडले जाते तो इथे इतक्या हळुवारपणे झांज वाजवतो की ती झांज श्वास घेते आहे असे वाटते.

हे अल्बम तयार कसे होतात याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा परिणाम थेट कानाला जाणवतो. जॅझचा अल्बम बहुधा दोन-तीन दिवसांत ध्वनिमुद्रित होतो. एका रचनेचे दोन किंवा तीन टेक होतात, म्हणजे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन-तीनदा वाजवली जाते, आणि त्यांतला एक निवडला जातो. एक पद्धत अशी की प्रत्येक वादकाला काचेच्या वेगळ्या खोलीत बसवायचे, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरत नाही आणि नंतर ती दुरुस्त करता येते. दुसरी पद्धत म्हणजे सगळ्यांनी एकाच खोलीत उभे राहायचे. मी दोन्ही प्रकारे वाजवले आहे. एकदा एका स्टुडिओत मला अशा कोपऱ्यात ठेवले होते की ड्रमवादकाचा फक्त खांदा दिसत होता. कानातल्या हेडफोनमधून त्याचा प्रत्येक ठोका स्वच्छ ऐकू येत होता, तरीही त्या दिवशीचा एकही टेक जिवंत झाला नाही. झांजेवर काठी पडण्याआधी हात वर जातो, तो हात मला दिसावा लागतो. माझा स्वर त्या हाताबरोबर निघतो, आवाज ऐकून निघाला तर उशीर झालेला असतो.

म्हणूनच शबाका हचिंग्जचा 2024 चा अल्बम मला महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या जॅझमधला हा सर्वांत गाजलेला सॅक्सोफोनवादक. 2023 च्या अखेरीस त्याने सॅक्सोफोन बाजूला ठेवला आणि बासऱ्यांकडे वळला. ‘पर्सीव्ह इट्स ब्युटी, अ‍ॅक्नॉलेज इट्स ग्रेस’ हा त्यानंतरचा अल्बम त्याने न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रण तंत्रज्ञाच्या स्टुडिओत केला, जिथे 1964 च्या डिसेंबरमध्ये कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ ध्वनिमुद्रित झाला होता. सगळे एकाच खोलीत, हेडफोन नाहीत, मधे आडोसे नाहीत. बासरीचा आवाज ड्रम्सपुढे किती लहान असतो याचा विचार करा. अशा खोलीत बासरी ऐकू यायची तर बाकीच्या प्रत्येकाने आपला हात आवरावा लागतो. त्या अल्बमची शांतता ही ध्वनियंत्रणेने आणलेली नाही. सगळ्यांनी हळू वाजवले म्हणून ती आहे.

लंडनबद्दल बोलायचे तर तिथली सध्याची पिढी मोठ्या प्रमाणात ‘टुमॉरोज वॉरियर्स’ या संस्थेतून आली आहे. बासवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी ती 1991 मध्ये सुरू केली. एक बासवादक एका अख्ख्या शहराचे संगीत कसे बदलू शकतो याचे दुसरे इतके ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही. तिथूनच घडलेल्या एझ्रा कलेक्टिव्हला 2023 मध्ये मर्क्युरी हे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमासाठीचे ब्रिटनमधले पारितोषिक मिळाले आणि ते मिळवणारा तो पहिला जॅझ संच ठरला. फेमी कोलेओसो ड्रम्सवर आणि त्याचा भाऊ टीजे बासवर, त्यामुळे त्यांच्या अल्बमांत ताल हा दोन भावांचा घरातला संवाद असावा तसा चालतो. सॅक्सोफोनवादक नुबाया गार्सियाचे ‘सोर्स’ (2020) आणि ‘ओडिसी’ (2024) ऐका; दोन्हींवर बासवर डॅनियल कासिमिर आणि ड्रम्सवर सॅम जोन्स आहेत. ‘ओडिसी’वर तंतुवाद्यांचा संचही आहे आणि काही ठिकाणी तो मला थोडा जड वाटला, परंतु कासिमिरचा बास कुठेही दबलेला नाही.

शिकागोत याच्या अगदी उलट पद्धत रुजली आहे. ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन प्रत्यक्ष कार्यक्रमांतले उत्स्फूर्त वादन मुद्रित करतो आणि नंतर ते कापून, जोडून, पुन्हा पुन्हा फिरवून त्यातून रचना तयार करतो. 2015 चा ‘इन द मोमेंट’ असाच घडला. 2018 चा त्याचा ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’ मी तुम्हाला नकाशा म्हणून हाती देऊ इच्छितो. न्यूयॉर्क, शिकागो, लंडन आणि लॉस एंजेलिस या चार शहरांत चार वेगवेगळ्या संचांबरोबर तो ध्वनिमुद्रित झाला, आणि त्यात जोएल रॉस आहे, शबाका आहे, नुबाया गार्सिया आणि कासिमिर आहेत, हार्पवर ब्रँडी यंगर आहे, गिटारवर जेफ पार्कर आणि बासवर आना बटर्स आहे. या एका अल्बमची श्रेयनामावली वाचून पुढची दोन वर्षे काय ऐकायचे ते ठरवता येते. मी तसेच केले होते. पार्कर आणि बटर्स पुढे ‘द वे आउट ऑफ इझी’ (2024) या अल्बमवर पुन्हा भेटतात. सॅक्सोफोनवर जॉश जॉन्सन, ड्रम्सवर जे बेलरोज, आणि चारच लांब रचना. बटर्स त्यात एकच छोटी आकृती कित्येक मिनिटे वाजवत राहते. ज्यांनी बास कधी हातात धरलेला नाही त्यांना हे सोपे वाटेल. ती आकृती दहाव्या मिनिटालाही पहिल्याइतकीच ताजी ठेवणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत कठीण काम आहे.

दक्षिण आफ्रिकेचा पियानोवादक न्दुदुझो मखाथिनी आणि गायिकांमध्ये समारा जॉय व सेसिल मॅक्लॉरिन साल्वांट यांची नावे मी इथे फक्त नोंदवून ठेवतो. मखाथिनीचा ‘इन द स्पिरिट ऑफ न्तू’ (2022) आणि समारा जॉयचा ‘पोर्ट्रेट’ (2024) यांपासून सुरुवात केलीत तर निराशा होणार नाही.

नव्या अल्बमांच्या यादीत एक वेगळा प्रकार असतो आणि त्याबद्दल सावध करणे मला आवश्यक वाटते. जुन्या, आजवर अप्रकाशित राहिलेल्या टेप्स शोधून काढून त्यांचे अल्बम प्रसिद्ध करण्याची लाट गेल्या काही वर्षांत मोठी आहे. 1963 च्या 6 मार्चला ध्वनिमुद्रित झालेला कोल्ट्रेनचा ‘बोथ डिरेक्शन्स अ‍ॅट वन्स’ 2018 मध्ये आला तेव्हापासून दर काही महिन्यांनी एखादा ‘हरवलेला’ अल्बम सापडतो. त्यांपैकी सगळेच ऐकण्याजोगे नसतात. काही टेप्स त्या काळी बाजूला ठेवल्या गेल्या त्याला सबळ कारण होते. परंतु 2024 च्या अखेरीस आलेला ‘फोर्सेस ऑफ नेचर: लाइव्ह अ‍ॅट स्लग्ज’ हा मात्र कोणी चुकवू नये. न्यूयॉर्कच्या स्लग्ज या छोट्या जागेत 1966 मध्ये झालेला हा कार्यक्रम. सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, पियानोवर मकॉय टायनर, बासवर हेन्री ग्राइम्स आणि ड्रम्सवर विशीतला जॅक डीजॉनेट. ही टेप डीजॉनेटने पन्नास वर्षांहून अधिक काळ स्वतःजवळ जपून ठेवली होती. त्यात दोन रचना पंचवीस मिनिटांहून लांब आहेत आणि ग्राइम्स त्या सबंध वेळात चालत्या बासचा, म्हणजे प्रत्येक मात्रेला एकेक स्वर टाकत जाणाऱ्या बासचा, वेग एकदाही ढळू देत नाही. ते ऐकताना माझ्याच बोटांना रग लागते. त्याच वर्षी हाच डीजॉनेट चार्ल्स लॉइड यांच्या चौकडीत तरुण पियानोवादक कीथ जॅरेटबरोबर वाजवत होता. वर सांगितलेल्या 86 व्या वाढदिवसाच्या अल्बमवरचे तेच लॉइड. डीजॉनेट 26 ऑक्टोबर 2025 रोजी गेला, आणि ब्लेड असो वा सोरी, आज ज्यांची नावे मी घेतली त्या प्रत्येक ड्रमवादकाच्या झांजेत त्याचा थोडा अंश आहे.

आता व्यवहाराचे. मोबाइलवरच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये अल्बमखाली एकच नाव दिसते. बाकीच्यांची नावे शोधावी लागतात किंवा सापडतच नाहीत. त्यासाठी त्या लेबलचे स्वतःचे पान किंवा बँडकॅम्प या अल्बम विकणाऱ्या संकेतस्थळावरचे पान उघडा. तिथे बहुधा वादक, स्टुडिओ, तारखा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाचे नावही दिलेले असते. आठवड्याला एकच नवा अल्बम घ्या आणि तो तीनदा ऐका. पहिल्यांदा काहीही न ठरवता. दुसऱ्यांदा फक्त ड्रम्सच्या उजव्या बाजूच्या मोठ्या झांजेकडे कान ठेवून, कारण सगळ्या संचाची चाल तिथून निघते. तिसऱ्यांदा फक्त बास. लहान स्पीकरवर बास नीट ऐकूच येत नाही, म्हणून तिसऱ्या वेळी हेडफोन वापरा. अल्बम आवडला तर त्याच वादकांपैकी एकाचा दुसरा अल्बम पुढच्या आठवड्यासाठी निवडा. नाही आवडला तरी बासवादकाचे नाव लिहून ठेवा. तो दुसऱ्या कोणाबरोबर तुम्हाला आवडण्याची शक्यता बरीच असते.

आणि या वाटेने चालत काही महिन्यांनी पोहोचायचे ठिकाण म्हणून मी तुम्हाला लिंडा मे हान ओचा 2025 मधला ‘स्ट्रेंज हेव्हन्स’ हा अल्बम सुचवतो. या वेळी मुखपृष्ठावर बासवादकाचे नाव आहे. ड्रम्सवर सोरी, ट्रम्पेटवर अँब्रोज अकिनमुसिरे, आणि एवढेच. पियानोही नाही आणि गिटारही नाही. पहिल्या अल्बमवरही तिने अकिनमुसिरेलाच घेतले होते आणि तेव्हाही वाद्ये हीच तीन होती, म्हणजे ती जिथून निघाली तिथेच इतक्या वर्षांनी परत आली आहे. स्वरसंगतीचा सगळा भार इथे चार तारांवर आहे. ट्रम्पेट एखादा लांब सूर धरून थांबते, आणि त्या सुराखाली लिंडा एक स्वर बदलते. वरचा सूर तसाच आहे, तरी त्याचा रंग दुसराच झालेला असतो. हे नेमके कुठे घडते ते शोधा, आणि सापडले की ‘सो व्हॉट’ची सुरुवात पुन्हा एकदा लावून ऐका.